एफएलटी-३ विरुद्ध नेमके औषध उपलब्ध असूनही तीव्र ल्युकेमियात केमो आणि प्रत्यारोपण का लागते?

प्रश्न – रसायनवाचक

नमस्कार. माझ्या पत्नीच्या धाकट्या भावाला ॲक्युट मायलॉइड ल्युकेमिया झाल्याचे निदान झाले आहे. त्याचे वय पन्नाशीच्या आत आहे. अस्थिमज्जेच्या अहवालात एनपीएम-१ आणि एफएलटी-३ आयटीडी (जनुकातील एका तुकड्याची पुनरावृत्ती) असे दोन जनुकीय बदल नोंदवलेले आहेत. सात दिवस सायटॅराबिन, त्यांपैकी पहिले तीन दिवस डॉनोरुबिसिन आणि आठव्या दिवसापासून एफएलटी-३ ला रोखणाऱ्या मिडोस्टॉरिनच्या कॅप्सूल असा उपचार झाला. पहिल्या तपासणीत रोग रिमिशनमध्ये गेल्याचे (म्हणजे तपासणीत दिसेनासा झाल्याचे) दिसले आहे, तरीही डॉक्टरांनी भावंडांची एचएलए तपासणी (दाता जुळतो का, हे पाहणारी) सुरू करायला सांगितली असून रक्ताच्या मूळपेशींच्या प्रत्यारोपणाची तयारी ठेवावी, असे त्यांचे मत आहे.

आमच्याच नात्यातील एका काकांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया आहे. ते कित्येक वर्षे केवळ इमॅटिनिबच्या गोळीवर आहेत आणि त्यांचे सर्व व्यवहार नेहमीप्रमाणे चालू आहेत. त्यामुळे घरात सगळ्यांना पडलेला प्रश्न असा, की दोन्ही रोग रक्ताचेच, दोन्हींत एक बिघडलेले टायरोसिन कायनेज (पेशीला वाढीचा संदेश देणारे विकर) सापडलेले आणि दोन्हींसाठी त्या कायनेजविरुद्ध औषध तयार झालेले असताना, एकाला गोळी पुरते आणि दुसऱ्याला इतके कठोर उपचार का लागतात? मिडोस्टॉरिन हे औषध इमॅटिनिबपेक्षा दुबळे आहे, की मुळात रोगच वेगळ्या जातीचा आहे?

उपचाराविषयी सल्ला मला नको आहे, ते निर्णय तेथील डॉक्टरच घेतील. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे उत्तर थोडे तांत्रिक असले तरी चालेल.

उत्तर – पेशीवाचक

आपल्या प्रश्नातील दोन्ही शक्यतांमध्ये तथ्य आहे, परंतु माझ्या मते दुसऱ्या शक्यतेचे वजन पहिलीपेक्षा बरेच जास्त आहे. याचा सर्वांत चांगला पुरावा इमॅटिनिबच्याच इतिहासात सापडतो. २००१ साली ब्रायन ड्रुकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या औषधाचे दोन अभ्यास एकापाठोपाठ प्रसिद्ध केले. पहिला क्रॉनिक अवस्थेतील रुग्णांचा होता आणि त्याचे निष्कर्ष आज सर्वांना ठाऊक आहेत. दुसऱ्या अभ्यासातील रुग्णांमध्येही बीसीआर-एबीएल हेच, इमॅटिनिब ज्याला रोखते ते बिघडलेले कायनेज प्रथिन होते, पण रोग तीव्र स्वरूपात गेलेला होता. त्यांपैकी लिम्फॉइड प्रकारच्या २० रुग्णांमध्ये १४ जणांना औषध लागू पडले. मात्र अहवाल लिहिला जाईपर्यंत एक वगळता त्या गटातील सर्वांचा आजार उलटला होता. गोळी तीच, ती ज्या प्रथिनाला चिकटते ते प्रथिनही तेच, आणि तरीही परिणाम इतका वेगळा. म्हणजे फरक औषधात नसून, ते ज्या पेशीत काम करते त्या पेशीच्या बाकीच्या जडणघडणीत आहे.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या पहिल्या अवस्थेत रोगाचा जवळजवळ संपूर्ण भार एकाच बिघाडावर असतो. ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे आपापसांत बदलले जातात, त्यातून बीसीआर-एबीएल तयार होते आणि हा बदल रोगाच्या आरंभीचा असल्यामुळे रोगट पेशींपैकी प्रत्येकीत तो सापडतो. त्या पेशी संख्येने वाढतात, पण परिपक्व होण्याची क्षमता त्यांनी गमावलेली नसते. संदेश बंद केला की वाढ थांबते आणि निरोगी पेशींना पुन्हा जागा मिळते.

ॲक्युट मायलॉइड ल्युकेमियाची घडण अशी सरळ नाही. योगायोग असा, की ज्या कर्करोगाचा संपूर्ण जीनोम सर्वप्रथम वाचला गेला तो हाच रोग होता आणि त्या रुग्णाच्या पेशींत आपण उल्लेखिलेले दोन्ही बदल होते. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात टिमोथी ले यांच्या गटाने २००८ साली ते काम प्रसिद्ध केले. दहा जनुकांमध्ये रोगाबरोबर आलेले बदल सापडले. त्यांपैकी एनपीएम-१ आणि एफएलटी-३ हे दोन आधीपासून माहीत होते, बाकीचे आठ नवे होते. पुढे त्याच नमुन्याचे अधिक खोल वाचन केल्यावर डीएनएमटी-३ए या जनुकातील बदलही हाती लागला आणि २०१० साली असे दाखवले गेले, की सुमारे पाचव्या हिश्श्याहून थोड्या जास्त रुग्णांत हे जनुक बिघडलेले असते.

हे बदल कोणत्या क्रमाने येतात, हा यातला कळीचा मुद्दा आहे. डीएनएमटी-३ए किंवा टीईटी-२ यांसारखे बदल बहुधा सर्वांत आधी येतात. रक्ताची तपासणी पूर्णपणे सर्वसाधारण असलेल्या वयस्क लोकांतही ते सापडतात. त्यानंतर एनपीएम-१ येते आणि पेशी परिपक्व होण्याच्या वाटेवर अडकते. एफएलटी-३ आयटीडी बहुतेक वेळा सर्वांत शेवटी येते आणि पुष्कळदा सगळ्या रोगट पेशींत नव्हे, तर त्यांच्या एखाद्या उपशाखेतच असते. रोगाला झाड मानले, तर बीसीआर-एबीएल हे क्रॉनिक रोगाचे खोड आहे आणि एफएलटी-३ ही तीव्र रोगाची एक जोमदार, वेगाने वाढणारी फांदी आहे. ती छाटल्याने रुग्णाला निश्चित लाभ होतो, पण खोड तसेच राहते. टोरोंटोच्या जॉन डिक यांच्या प्रयोगशाळेने २०१४ साली दाखवले, की डीएनएमटी-३ए मध्ये बदल असलेल्या मूळपेशी केमोनंतर रिमिशनच्या काळातही अस्थिमज्जेत टिकून राहतात. आपल्या नातलगाच्या अहवालात रिमिशन लिहिलेले असूनही डॉक्टर पुढच्या उपचाराची तयारी का करत आहेत, ते यावरून लक्षात यावे.

आता एफएलटी-३ विषयी. हा ग्राही (बाहेरचा संदेश टिपणारे प्रथिन) मुळात रक्त तयार करणाऱ्या अगदी प्राथमिक पेशींच्या पृष्ठभागावर असतो. त्याचा लिगँड, म्हणजे त्याच्यासाठीचा संदेशवाहक रेणू, येऊन चिकटला की दोन ग्राही जोडीने एकत्र येतात, एकमेकांच्या टायरोसिनांवर फॉस्फेट बसवतात आणि संदेश रॅस-मॅपकायनेज, पीआय-३ कायनेज-एकेटी अशा मार्गांनी केंद्रकापर्यंत जातो. पेशीच्या आवरणाला लागून आतल्या बाजूस प्रथिनाचा जो छोटा भाग असतो, तो लिगँड नसताना कायनेजला निष्क्रिय स्थितीत रोखून धरतो. आयटीडी म्हणजे बहुतांशी याच भागातील जनुकीय मजकुराची पुनरावृत्ती. ती काही मोजक्या न्यूक्लिओटाइडांपासून काही शेकड्यांपर्यंत असू शकते आणि तिची लांबी तीनच्या पटीत असल्याने पुढचे प्रथिन अखंड तयार होते, फक्त ते रोखणे निकामी होते. ग्राही लिगँडशिवाय सतत सक्रिय राहतो. शिवाय बदललेल्या ग्राहीचा बराच भाग पेशीच्या पृष्ठभागावर न पोहोचता आतल्या एंडोप्लाझ्मिक जाळीतच अडकतो आणि तेथून स्टॅट-५ ला जोरकसपणे चालना देतो. निरोगी ग्राही हे काम एवढ्या जोराने करत नाही. स्टॅट-५ मुळे पेशीला मरणापासून वाचवणारी प्रथिने वाढतात, आणि हा मुद्दा पुढे औषधांच्या जोड्यांबाबत महत्त्वाचा ठरतो.

जपानी संशोधकांनी १९९६ साली ही पुनरावृत्ती प्रथम नोंदवली. या रोगाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत ती सापडते.

उत्तर – वॉर्डातला निवासी

पेशीवाचक यांच्या विवेचनाशी मी सहमत आहे, पण औषधाची बाजू त्यांनी जरा लवकर आवरती घेतली, असे वाटते. रुग्णाच्या दृष्टीने कोणते औषध आणि ते कोणत्या टप्प्यावर, याने पुष्कळ फरक पडतो.

मिडोस्टॉरिन एफएलटी-३ साठी बनलेले औषधच नव्हे. त्याचा मूळ रेणू स्टॉरोस्पोरिन. तो १९७७ साली जपानमध्ये सातोशी ओमुरा यांच्या गटाने मातीतील एका जिवाणूपासून वेगळा केला. (याच ओमुरांना पुढे २०१५ साली परजीवींवरील औषधाच्या वेगळ्या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.) त्यापासून बनवलेले मिडोस्टॉरिन प्रथम प्रोटीन कायनेज सी रोखण्यासाठी तपासले जात होते, ते एफएलटी-३ लाही रोखते हे नंतर ध्यानात आले. त्यामुळे हे औषध अनेक कायनेजांवर थोडे थोडे काम करते. एकट्याने दिले तेव्हा रक्तातील ब्लास्ट (अपरिपक्व रोगट) पेशी कमी झाल्या, पण खरीखुरी रिमिशन क्वचितच मिळाली. म्हणून ते केमोबरोबर देऊन पाहण्यात आले.

रॅटिफाय नावाच्या त्या चाचणीत १८ ते ५९ वयाचे ७१७ रुग्ण होते आणि २०१७ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मध्यांक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) केमो आणि मिडोस्टॉरिन घेतलेल्या गटात ७४.७ महिने, तर केवळ केमो घेतलेल्या गटात २५.६ महिने होते. हे आकडे वाचून लोक फार हुरळतात, म्हणून ते जपून वाचावेत. दोन्ही गटांचे आलेख पन्नास टक्क्यांच्या आसपास जवळजवळ आडवे झाले होते आणि अशा वेळी मध्यांक थोड्याशा फरकानेही खूप सरकतो. चार वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण ५१.४ टक्के विरुद्ध ४४.३ टक्के होते, आणि लाभाचे खरे माप मला याच आकड्यांत दिसते. सात टक्क्यांचा फरक लहान नाही. त्याआधीची कित्येक वर्षे या रोगात सायटॅराबिन आणि डॉनोरुबिसिन यांच्या जोडीला काहीही नवे टिकले नव्हते. पण काकांच्या इमॅटिनिबसारखी ती गोष्ट नव्हे, हेही त्यातून स्पष्ट होते.

त्यानंतरची औषधे अधिक नेमकी आहेत. क्विझार्टिनिब हे केवळ आयटीडी असलेल्या ५३९ रुग्णांमध्ये केमोच्या जोडीने तपासले गेले आणि २०२३ साली त्याचे निष्कर्ष आले. तेथे मध्यांक आयुर्मान ३१.९ महिने विरुद्ध १५.१ महिने होते. या चाचणीत ७५ वर्षांपर्यंतचे रुग्ण होते, त्यामुळे तिचे आकडे रॅटिफायच्या आकड्यांशेजारी ठेवून तुलना करू नये. गिल्टेरिटिनिब हे उलटलेल्या किंवा पहिल्या केमोला न जुमानणाऱ्या रोगात, ३७१ रुग्णांमध्ये, एकट्याने देऊन पाहिले. मध्यांक ९.३ महिने, तर दुसऱ्या फळीतील केमो घेणाऱ्यांत ५.६ महिने. म्हणजे नेमक्या आणि प्रबळ औषधानेही, रोग एकदा उलटल्यावर, मिळवलेले अंतर महिन्यांतच मोजावे लागते.

हे असे का होते, याची काही कारणे आता बरीच स्पष्ट आहेत. या औषधांचे दोन प्रकार पडतात. क्विझार्टिनिब आणि सोराफेनिब कायनेजच्या फक्त निष्क्रिय आकाराला चिकटतात. त्यामुळे प्रथिनातील ८३५ व्या स्थानावरील ॲस्पार्टेट हे अमिनो आम्ल बदलून कायनेज सक्रिय आकारातच राहू लागले की ती निरुपयोगी ठरतात. मिडोस्टॉरिन आणि गिल्टेरिटिनिब दोन्ही आकारांना चिकटतात, म्हणून ही पळवाट त्यांच्यापुढे चालत नाही. मग रोग दुसरी वाट धरतो. गिल्टेरिटिनिबवर असताना उलटलेल्या रोगात पुष्कळदा एनआरएएससारख्या, रॅस-मॅपकायनेज मार्गातील बदल असलेल्या पेशी वर आलेल्या दिसतात. ग्राही पूर्णपणे बंद असतो, पण त्याच्या पुढच्या पायरीवर तोच संदेश स्वतंत्रपणे चालू झालेला असतो.

दुसरे कारण अस्थिमज्जेतच आहे. केमोने मज्जा रिकामी झाल्यावर शरीर निरोगी पेशी वाढवण्यासाठी एफएलटी-३ चा लिगँड मोठ्या प्रमाणात तयार करते. तो औषधाच्या परिणामाशी थेट झगडतो. मज्जेतील आधारपेशी वेगळे वाढघटक पुरवतात आणि औषधाचे विघटन करणारी सीवायपी-३ए-४ सारखी विकरेही तेथे असतात. त्यामुळे रक्तातल्या ब्लास्ट पेशी नाहीशा झाल्या तरी मज्जेतल्या टिकून राहण्याचा प्रकार या औषधांत वारंवार दिसला आहे.

प्रत्यारोपणाविषयी एकच वाक्य: २०२२ च्या युरोपियन ल्युकेमियानेट वर्गीकरणात एफएलटी-३ आयटीडी असलेले सर्व रुग्ण, सोबत एनपीएम-१ असो वा नसो, मध्यम जोखमीच्या गटात धरले आहेत, आणि या गटात पहिल्या रिमिशनमध्ये प्रत्यारोपणाचा विचार करणे ही प्रचलित पद्धत आहे.

उत्तर – ताम्हिणी

वरील दोन्ही उत्तरे माहितीपूर्ण आहेत, पण ती वाचून तीव्र ल्युकेमियात नेमक्या औषधांना नेहमीच दुय्यम स्थान राहणार, असा समज होऊ नये. ॲक्युट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया हाही तीव्रच रोग आहे, किंबहुना पहिल्या काही दिवसांत रक्तस्रावाने जीव घेणारा. त्यात १५ आणि १७ क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या अदलाबदलीतून रेटिनॉइक आम्लाचा ग्राही बिघडतो. शांघायच्या वांग झेनयी यांच्या गटाने १९८८ साली २४ रुग्णांना ऑल-ट्रान्स रेटिनॉइक आम्ल दिल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांपैकी २३ जण केवळ त्या औषधावर रिमिशनमध्ये गेले. पेशींना मारून नव्हे, तर त्यांची अडलेली परिपक्वता पुढे ढकलून हे साधले होते. हार्बिन येथे आर्सेनिक ट्रायऑक्साइडचे काम झाले आणि २०१३ साली इटली-जर्मनीच्या चाचणीत, कमी आणि मध्यम जोखमीच्या रुग्णांत, या दोन औषधांची जोडी केमो असलेल्या उपचारापेक्षा सरस ठरली. दोन वर्षांनी रोगाशिवाय असलेल्यांचे प्रमाण ९७ टक्के विरुद्ध ८६ टक्के होते. त्या जोडीत पारंपरिक केमो अजिबात नव्हती.

फिलाडेल्फिया गुणसूत्र (वर सांगितलेली ९ आणि २२ ची अदलाबदल) असलेल्या ॲक्युट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियातही असेच घडते आहे. लहान मुलांमध्ये केमोबरोबर इमॅटिनिब सलग दिल्यावर तीन वर्षांनी रोगमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण आधीच्या काळातील सुमारे ३५ टक्क्यांवरून ८० टक्क्यांपर्यंत गेले. प्रौढांसाठी इटलीतील २०२० च्या अभ्यासात ६३ रुग्णांना डॅसॅटिनिब (इमॅटिनिबच्याच वर्गातील औषध), स्टिरॉइड आणि नंतर ब्लिनाट्युमोमॅब (प्रतिपिंडावर आधारित औषध) एवढेच दिले आणि ९८ टक्के रुग्ण रिमिशनमध्ये गेले. म्हणून 'तीव्र' या विशेषणापेक्षा, औषध ज्याच्यावर नेम धरते तो बदल रोगाच्या मुळाशी आहे की नाही, हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे.

रसायनवाचक

सर्वांचा आभारी आहे. तिसऱ्या उत्तरातील मुद्द्याने पहिल्या उत्तराला बळकटीच मिळते, असे मला वाटले: प्रोमायलोसायटिक प्रकारात बिघडलेला ग्राही खोडाशी आहे, म्हणून त्यावरचे औषध निर्णायक ठरते.

आणखी दोन शंका आहेत. रोग एनआरएएसच्या वाटेने निसटतो हे माहीत असेल, तर एफएलटी-३ रोखणारे आणि पुढची पायरी रोखणारे अशी दोन औषधे सुरुवातीपासून एकत्र का देत नाहीत? आणि दुसरी, एका परिचितांनी सोराफेनिब हे 'तसेच पण स्वस्त' औषध असल्याचे सांगितले. ते तर मूत्रपिंड आणि यकृताच्या कर्करोगाचे औषध आहे ना?

उत्तर – पेशीवाचक

पहिल्या शंकेचे उत्तर निरोगी पेशींमध्ये आहे. एफएलटी-३ हे लक्ष्य म्हणून आकर्षक वाटण्याचे एक कारण असे, की हे जनुकच नसलेले उंदीर जगतात, त्यांच्या लिम्फॉइड पूर्वज पेशी तेवढ्या कमी होतात. परंतु क्विझार्टिनिबसारखे नेमके औषधसुद्धा शेजारच्या किट या कायनेजला काही प्रमाणात रोखते आणि निरोगी रक्तनिर्मिती मंदावते. रॅस-मॅपकायनेज मार्ग तर त्वचा, डोळ्यातील पटल, हृदय, आतडे अशा सगळ्या ठिकाणी रोजच्या कामासाठी लागतो. तो पुरेशा जोराने आणि पुरेसा काळ बंद ठेवला, तर ल्युकेमियाच्या आधी रुग्णच थकतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण टी-पेशींच्या ॲक्युट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात आहे. २००४ साली असे आढळले, की या रोगाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत नॉच-१ या ग्राहीत सक्रिय करणारे बदल असतात. नॉचचा संदेश पुढे जाण्यासाठी गॅमा-सिक्रिटेज हे विकर लागते आणि ते रोखणारी औषधे अल्झायमरच्या संशोधनामुळे तयारच होती. कागदावर याहून सोपा सामना नव्हता. प्रत्यक्षात रुग्णांना तीव्र जुलाब झाले, कारण आतड्याच्या आवरणातील मूळपेशी नॉचच्या संदेशाशिवाय शोषण करणाऱ्या पेशी बनवण्याऐवजी श्लेष्म स्रवणाऱ्या पेशीच बनवत सुटतात. वीस वर्षे उलटली तरी तो मार्ग नेहमीच्या उपचारात आलेला नाही. बिघाड सापडणे आणि त्या बिघाडावर औषध चालणे, या दोहोंमध्ये केवढे अंतर असू शकते हे मला विद्यार्थ्यांना सांगायचे असते तेव्हा मी एफएलटी-३ नव्हे, नॉच-१ निवडतो.

जोडी म्हणून सध्या अधिक आशादायक वाटते ती वेगळी आहे. वर म्हटल्याप्रमाणे आयटीडीच्या संदेशामुळे पेशीला मरणापासून वाचवणारी एमसीएल-१ आणि बीसीएल-एक्सएल ही प्रथिने वाढतात. व्हेनेटोक्लॅक्स हे औषध त्याच कुळातील बीसीएल-२ ला रोखते. परंतु पेशीजवळ एमसीएल-१ चा साठा असेल तर ती तग धरते. एफएलटी-३ चा संदेश बंद केला की तो साठा घटतो आणि व्हेनेटोक्लॅक्सचा प्रभाव वाढतो. म्हणजे एकाच मार्गावर दोन ठिकाणी अडथळा घालण्याऐवजी, एका औषधाने वाढीचा संदेश आणि दुसऱ्याने जगण्याचा आधार काढून घ्यायचा. गिल्टेरिटिनिब आणि व्हेनेटोक्लॅक्स यांची जोडी उलटलेल्या रोगात तपासली गेली असून प्रतिसादाचे प्रमाण चांगले आहे, मात्र रक्तपेशी दीर्घकाळ कमी राहणे हा तिचा मोठा त्रास आहे.

उत्तर – औषधशाळा

सोराफेनिबविषयी लिहितो, कारण त्याचा संबंध आपल्या देशाशी थेट आहे. आपण म्हणता ते बरोबर आहे, हे औषध २००५ साली मूत्रपिंडाच्या आणि २००७ साली यकृताच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मंजूर झाले. पण ते अनेक कायनेजांना रोखते आणि एफएलटी-३ त्यांपैकी एक आहे. ल्युकेमियासाठी त्याला वेगळी मान्यता नसली, तरी रक्तरोगतज्ज्ञ ते कित्येक वर्षे वापरत आले आहेत आणि त्याला ठोस आधारही आहे. जर्मनी आणि ऑस्ट्रियातील सॉरमेन या चाचणीत प्रत्यारोपणानंतर रिमिशनमध्ये असलेल्या ८३ रुग्णांना सोराफेनिब किंवा निष्क्रिय गोळी दिली. दोन वर्षांनी आजार न उलटता जिवंत असलेल्यांचे प्रमाण सोराफेनिबच्या गटात ८५ टक्के आणि दुसऱ्या गटात ५३.३ टक्के होते.

किमतीची गोष्ट अशी. भारतात मूळ कंपनीचे सोराफेनिब महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना मिळत असे. मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी नॅटको या हैदराबादच्या कंपनीला ते बनवण्याचा सक्तीचा परवाना दिला आणि महिन्याची किंमत सुमारे ८,८८० रुपयांवर आली. पेटंट कायद्यातील ही तरतूद देशात प्रथमच वापरली गेली होती, आणि सगळी चर्चा यकृत व मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या नावाने झाली. एफएलटी-३ आयटीडी असलेल्या ल्युकेमियाच्या रुग्णांना त्यातून एक परवडणारे औषध मिळाले, हे त्या वेळच्या बातम्यांत माझ्या पाहण्यात आले नाही. इमॅटिनिबच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला. आपल्या काकांना ती गोळी आज ज्या किमतीत मिळते, तिच्यामागे तो निकालही आहे.

तरीही 'तसेच पण स्वस्त' हे वर्णन मला मान्य नाही. सोराफेनिब हे वर सांगितलेल्या, फक्त निष्क्रिय आकाराला चिकटणाऱ्या प्रकारात मोडते, ८३५ व्या स्थानावरील बदलापुढे ते चालत नाही, आणि हातापायांच्या तळव्यांची त्वचा सोलवटणे, रक्तदाब वाढणे असे त्याचे स्वतःचे त्रास आहेत. त्याचा सर्वांत चांगला पुरावा प्रत्यारोपणानंतरच्या काळासाठी आहे. सुरुवातीच्या केमोसोबतच्या मिडोस्टॉरिनची जागा ते सहज घेते, असे मानू नये.

उत्तर – वॉर्डातला निवासी

वरील उत्तराला व्यवहारातील एक जोड देतो, कारण घरच्यांना तिची गरज पडते. केमोच्या काळात बुरशीच्या संसर्गापासून बचावासाठी पोसाकोनाझोलसारखी औषधे दिली जातात. ती सीवायपी-३ए-४ ला रोखतात, त्यामुळे मिडोस्टॉरिनची रक्तातील पातळी वाढते आणि व्हेनेटोक्लॅक्सची तर इतकी वाढते, की त्याची मात्रा बरीच खाली आणावी लागते. क्विझार्टिनिबवर असलेल्यांत हृदयाच्या आलेखातील क्यूटी अंतर (ते लांबले तर ठोके बिघडण्याचा धोका असतो) वरचेवर तपासावे लागते. म्हणून रुग्णाने बाहेरून कोणतेही औषध, काढा किंवा चूर्ण सुरू करण्यापूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे.

रसायनवाचक

एक शेवटचे विचारतो. पुढे रिमिशन टिकते आहे की नाही, हे कोणत्या बदलावरून पाहतात? एफएलटी-३ ची फांदी नाहीशी झाली, तर अहवाल चांगला समजावा का?

उत्तर – वॉर्डातला निवासी

केवळ त्यावरून समजू नये. एफएलटी-३ आयटीडी ही उपशाखा असल्याने ती नाहीशी होऊनही बाकीचा रोग शिल्लक राहू शकतो. निदानाच्या वेळी असलेली आयटीडी रोग उलटताना नसणे किंवा आधी नसलेली तेव्हा दिसणे, हे दोन्ही प्रकार घडतात. म्हणूनच रोग उलटला तर जुन्या अहवालावर विसंबून न राहता ही तपासणी पुन्हा करतात. एनपीएम-१ चा बदल त्या मानाने स्थिर असतो. आपल्या नातलगाच्या पेशींत तो असल्याने त्याच्या आरएनएची अतिसंवेदनशील पीसीआर तपासणी हा अवशिष्ट रोग मोजण्याचा चांगला मार्ग आहे. ब्रिटनमधील २०१६ च्या मोठ्या अभ्यासात केमोच्या दुसऱ्या फेरीनंतर रक्तात एनपीएम-१ चा अंश शिल्लक असलेल्यांमध्ये आजार उलटण्याचा धोका कितीतरी जास्त आढळला होता. डीएनएमटी-३ए मात्र यासाठी वापरत नाहीत, कारण तो बदल निर्धोक रिमिशनमध्येही वर्षानुवर्षे दिसू शकतो.

असे असूनही आयटीडीचे सूक्ष्म अंश शोधणे निरर्थक नाही. नेहमीची तपासणी डीएनएच्या तुकड्यांच्या लांबीवरून केली जाते आणि ती फार सूक्ष्म अंश पकडू शकत नाही. जीनोम वाचनाच्या नव्या पद्धती ते पकडतात. प्रत्यारोपणानंतर गिल्टेरिटिनिब द्यावे का, हे पाहणाऱ्या मॉर्फो या चाचणीत ३५६ रुग्ण होते आणि सर्वांचा एकत्र हिशेब केला तेव्हा लाभ संख्याशास्त्रीय कसोटीला थोडक्यात उतरला नाही. परंतु ज्या सुमारे निम्म्या रुग्णांत प्रत्यारोपणाच्या आधी किंवा नंतर अशा पद्धतीने आयटीडीचा अंश सापडला होता, त्यांना औषधाचा स्पष्ट उपयोग झाला, आणि ज्यांच्यात तो सापडला नव्हता त्यांना जवळजवळ झाला नाही. आपल्या नातलगाचे प्रत्यारोपण ठरले, तर त्याआधीच्या मज्जेच्या नमुन्यावर ही तपासणी होणार आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. नंतरच्या गोळीचा निर्णय बऱ्याच अंशी त्या अहवालावर अवलंबून राहील.